महामारीतील मनोव्यथेचे मोजमाप : १८९७ चा प्लेग, २०२० चा कोविड आणि पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा

प्रस्तावना

महामारीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाच्या हाती प्रथम येतात ते मृत्यूचे आकडे. किती घरे तपासली, किती रुग्ण हलविले, किती दगावले, याची नोंद शासनयंत्रणा ठेवते. जे वाचले त्यांच्या मनावर काय गुदरले, याला मात्र त्या तक्त्यांत रकाना नसतो. कोविड-१९ च्या काळात ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न जगभर झाला. भीती, चिंता व मानसिक ताण मोजणाऱ्या प्रश्नावल्या अल्पावधीत तयार झाल्या आणि अरबीसह अनेक भाषांत त्यांची रूपांतरे झाली. पिंपरी-चिंचवड व चाकण हा परिसर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १८९७ मध्ये रँडवधाची घटना घडविणारे चापेकर बंधू चिंचवडचे. आणि त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पिंपरी-चिंचवडमध्येही लागू करण्यात आला.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे दोन आहेत : (१) १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांच्या मनोव्यथेची नोंद कोणत्या स्वरूपात झाली हे पाहणे, (२) त्या प्रकाशात आजच्या प्रश्नावल्यांची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

१८९७ : नोंद आणि अनोंद

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडवरील साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. पुढील काही महिन्यांत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती कोकणात व देशावर निघून गेली. गिरण्या चालू ठेवण्यासाठी मालकांना कामगारांना रोजच्या रोज मजुरी देण्याची वेळ आली. सरकारी कागदपत्रांत या साऱ्याला 'घबराट', 'अज्ञान' किंवा 'पूर्वग्रह' अशी नावे मिळाली. रुग्णालयात नेलेल्या माणसाच्या देहातून 'मोमियाई' काढतात, अशी अफवा त्या काळी पसरली होती. अफवा म्हणून ती खोटी होती. परंतु रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, हा सर्वसामान्यांचा अनुभव तिच्या मुळाशी होता. ज्या समाजाला त्याची भीती कोणी विचारली नाही, त्याने ती अफवेच्या भाषेत सांगितली.

पुण्यात प्लेग वाढताच डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १२ मार्च १८९७ रोजी ८९३ अधिकारी व शिपाई प्लेगच्या कामावर रुजू झाले. त्यांची पथके घरोघर झडती घेत. स्वयंपाकघर व देवघर यांचा विधिनिषेध राहत नसे. संशयित रुग्णाला रुग्णालयात आणि त्याच्या आप्तांना विलगीकरण छावणीत नेले जाई. सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी झालेला मृत्यू रुग्णसेवा करताना जडलेल्या प्लेगनेच झाला. लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि 'केसरी'तून झडत्यांच्या पद्धतीवर टीका केली. या काळातील लोकांच्या मनःस्थितीचे साधन म्हणून आज आपल्यापुढे वृत्तपत्रे, अर्ज, पत्रे आणि दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मकथन एवढेच राहते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड मार्गावर झालेला गोळीबार ही राजकीय कृती होती. तिला केवळ मनोव्यथेचे लक्षण मानणे इतिहासाला धरून होणार नाही. मुद्दा वेगळा आहे. लोकांचा क्षोभ शासनाच्या दप्तरात शिरला तो गुन्हा म्हणून आणि खटल्याच्या रूपाने. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकरांना फाशी झाली. वासुदेव व बाळकृष्ण यांना मे १८९९ मध्ये तीच शिक्षा मिळाली. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पुराव्याचा प्रश्न : गोखले प्रकरण

मनोव्यथेचे प्रमाण कोणते मानावे, हा प्रश्न त्याच वर्षी अत्यंत कटु रीतीने पुढे आला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. सैनिकांनी स्त्रियांशी केलेल्या वर्तनाविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे आरोप केले. पंडिता रमाबाईंनीही पुण्यातील प्लेग रुग्णालयातील व्यवस्थेविषयी वृत्तपत्राला पत्र लिहिले होते. शासनाने पुरावा मागितला. पत्रलेखकांची नावे उघड करणे गोखल्यांना शक्य नव्हते आणि कोणी जाहीरपणे पुढे येईना. परतल्यावर त्यांना आरोप मागे घेऊन माफी मागावी लागली.

या प्रकरणाचा राजकीय अंगाने पुष्कळ ऊहापोह झाला आहे. मापनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, नाव व शपथ यांसह दिलेली तक्रारच शासनाच्या लेखी ग्राह्य होती. अब्रूच्या भयाने गप्प राहिलेल्या स्त्रीची व्यथा या मापाने शून्य ठरत होती. निनावी उत्तर स्वीकारणारी आजची प्रश्नावली हा या अडचणीवरचा एक खराखुरा उपाय आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

प्रश्नावलीचे युग आणि अरबी भाषिकांचा अनुभव

मनःस्वास्थ्याची चाचणी प्रश्नावलीद्वारे घेण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. डेव्हिड गोल्डबर्ग यांची सामान्य स्वास्थ्य प्रश्नावली १९७२ ची. कोविडकाळात चीनमध्ये २४ प्रश्नांचा मनोव्यथा निर्देशांक तयार झाला आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला ५२,७३० जणांचा प्रतिसाद मिळाला. इराणमध्ये फार्सीत ७ विधानांची कोविड-भीती मापनश्रेणी निर्माण झाली. तिचे अरबी रूपांतर त्याच वर्षी सौदी अरेबियात तपासले गेले.

अरबी भाषिकांची उदाहरणे आपल्याला बोधप्रद आहेत. अरबी ही वीसहून अधिक देशांची राजभाषा. पण लेखनाची प्रमाण अरबी आणि घरात बोलली जाणारी अरबी यांत मोठे अंतर आहे. मोरोक्कोतील श्रमिक व इराकमधील गृहिणी छापील प्रश्न एकाच अर्थाने वाचतील, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय अरबीत मनाचा त्रास पुष्कळदा छातीच्या 'दीक'ने, म्हणजे आकुंचनाने, सांगितला जातो. असे उत्तर शारीरिक तक्रारींत मोजावे की मानसिक, हे परीक्षकाला ठरवावे लागते. म्हणूनच केवळ भाषांतर पुरेसे नसते. उलट अनुवाद, विश्वसनीयता व सप्रमाणता यांची तपासणी स्थानिक लोकांतच करावी लागते.

मराठीची स्थिती याहून निराळी नाही. 'तुम्हाला किती वेळा काळजी वाटली?' हा प्रश्न घ्या. मराठीत काळजी 'वाटते' तशी ती 'घेतली'ही जाते. महामारीत 'काळजी घ्या' हा तर प्रत्येकाच्या तोंडचा निरोप होता. तेव्हा 'रोज काळजी वाटते' असे सांगणारी माता व्याधिग्रस्त समजावी की कर्तव्यदक्ष? 'उदास' हा शब्द संतसाहित्यात विरक्तीचा वाचक आहे. देहू-आळंदीच्या या परिसरात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. उलटपक्षी 'धसका घेतला', 'हाय खाल्ली', 'जीव थाऱ्यावर नाही' या बोलीतील नेमक्या संज्ञा परकीय श्रेणीच्या शब्दशः भाषांतरात येऊच शकत नाहीत. 'टेन्शन' हा शब्द तर कर्जाचा हप्ता, रक्तदाब आणि अनामिक भीती या तिन्हींसाठी वापरला जातो.

औद्योगिक पट्टा, २०२०

१८९७ मधील चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले गाव होते. १९५० च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढे वाहन उद्योग वाढला. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७,२७,६९२ भरली. चाकणचा विस्तार त्यानंतरचा. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कंत्राटी कामगारांवर हा पट्टा उभा आहे.

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत यंत्रे थांबली व हे कामगार गावाकडे निघाले. जुलैमध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड येथे पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी झाली. या लोकांच्या मनःस्थितीची तुलना करण्यासाठी पूर्वस्थितीचा आधार हवा होता. परंतु २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. टाळेबंदीत प्रत्यक्ष भेटी अशक्य असल्याने बहुतेक पाहण्या भ्रमणध्वनीवरून व संगणकीय जाळ्यावरून झाल्या. साहजिकच साधन, साक्षरता व सवड असलेल्यांचीच उत्तरे आली. एका खोलीत पाळीपाळीने राहणारा कंत्राटी कामगार त्यांत क्वचितच सापडतो.

तो सापडतो तो दुसऱ्या तक्त्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्राच्या १९,९०९, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होत्या. देशातील एकूण संख्येत रोजंदारी मजुरांचे प्रमाण २४.६ टक्के होते. या सर्वांचे कारण महामारी होती असे म्हणता येणार नाही. आदल्या वर्षीही हे प्रमाण मोठेच होते. परंतु जिवंतपणी ज्याला प्रश्न विचारला गेला नाही, त्याची नोंद मृत्यूनंतर पोलिसांच्या दप्तरी होते, ही १८९७ ची रीत बदललेली नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

निष्कर्ष

(१) १८९७ मध्ये मनोव्यथा मोजण्याचे साधन नव्हते; त्यामुळे ती अफवा, पलायन व गुन्हा या सदरांखाली नोंदली गेली.

(२) निनावी प्रश्नावलीने अब्रूच्या भयाचा अडसर दूर केला. मात्र भाषा व साधन यांचे नवे अडसर उभे केले.

(३) अरबी भाषिकांच्या उदाहरणांवरून दिसते की प्रमाणभाषेतील मापनश्रेणी बोलीच्या कसोटीवर उतरल्याखेरीज विश्वासार्ह ठरत नाही. या पट्ट्यासाठी मराठी व हिंदीच्या बोलींतील संज्ञांपासूनच श्रेणी रचावी लागेल.

(४) अशी श्रेणी साथ नसताना, कारखान्यांच्या दाराशी व कामगार वस्त्यांत तपासून ठेवली पाहिजे. साथ आल्यावर केलेले मोजमाप तुलनेअभावी अपुरेच राहते.

शासनाजवळ १८९७ चा कायदा २०२० मध्ये तयार होता. लोकांना 'तुमच्या जिवाला काय वाटते?' असे त्यांच्या बोलीत विचारण्याचे साधन तयार नव्हते. पुढील साथीपूर्वी ते तयार करणे हे मानसशास्त्र, भाषाशास्त्र व इतिहास या तिन्ही विद्याशाखांचे संयुक्त दायित्व आहे.