रंगाची बंदूक : घशाच्या औषधापासून गॅरेजपर्यंत

१/ गॅरेजात दिसणाऱ्या स्प्रे गनचे मूळ एका डॉक्टरच्या दवाखान्यात आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो शहरात डॉ. ॲलन डिव्हिल्बिस घशाच्या विकारांवर उपचार करीत. औषधाचा बोळा घशात फिरवणे रुग्णांना त्रासदायक होई. म्हणून १८८०च्या दशकात त्यांनी रबरी फुगा दाबून औषध फवारणारे उपकरण घडवले.

२/ त्याच दशकात शिकागोत जोसेफ बिंक्स यांच्यापुढे निराळीच अडचण होती. मार्शल फील्ड या प्रचंड दुकानाच्या तळघरातील भिंतींना चुना द्यायचा होता. ब्रशने ते काम उरकण्यासारखे नव्हते. बिंक्स यांनी हातपंपाच्या दाबाने चुना फवारणारे यंत्र तयार केले.

३/ १८९३ साली शिकागोत कोलंबियन जागतिक प्रदर्शन भरले. इमारती अवाढव्य आणि मुदत अपुरी. सजावटीचे प्रमुख फ्रान्सिस मिलेट यांनी फवाऱ्याचा आश्रय घेतला आणि ‘श्वेतनगरी’ वेळेत पांढरीशुभ्र झाली.

४/ मात्र पंपाचा फवारा जाडाभरडा. भिंतींना तो चाले. गुळगुळीत पृष्ठभागाला नव्हे. १९०७ साली डॉ. डिव्हिल्बिस यांचे पुत्र टॉमस यांनी वडिलांचे तत्त्व रंगासाठी वापरले. दाबाखालची हवा रंगाच्या धारेवर आदळते आणि धारेचे सूक्ष्म कण होतात.

५/ हळूहळू बंदुकीची रचना स्थिरावली. खटका थोडा ओढला की केवळ हवा सुटते. पूर्ण ओढला की सुई मागे सरते व रंग वाहू लागतो. तोंडावरील टोपीच्या दोन शिंगांतून येणारे झोत गोल फवाऱ्याला पंख्यासारखा चपटा आकार देतात.

६/ १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँचा ‘ड्यूको’ लॅकर आला. तो इतक्या झटपट वाळे की ब्रश फिरवायला अवधीच मिळेना. स्प्रे गन अपरिहार्य झाली. रंगकामाला लागणारे आठवडे दिवसांवर आले.

७/ या वेगाची किंमत कारागीर मोजत होता. वेगवान हवेमुळे बराच रंग वस्तूवर न बसता उसळून हवेत मिसळे आणि श्वासावाटे फुप्फुसांत जाई. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने शिसेयुक्त पांढऱ्या रंगावर करार केला. फवाऱ्यातून होणारा धोका शक्य तेथे टाळावा, असे त्यात स्पष्ट नमूद होते.

८/ १९४०च्या दशकात हॅरॉल्ड रॅन्सबर्ग यांनी विजेचा मार्ग शोधला. रंगाच्या कणांना विद्युतभार दिला व वस्तू जमिनीशी जोडली, की कण वस्तूकडे ओढले जातात, अगदी मागच्या बाजूलाही बसतात.

९/ १९८०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस परिसरातील धुरक्याने कायद्यालाच हात घालायला लावला. किमान ६५ टक्के रंग वस्तूवर बसलाच पाहिजे, असा दंडक आला. त्यातून ‘एचव्हीएलपी’ बंदुकीचा प्रसार झाला : हवा भरपूर, पण टोपीपाशी दाब चौरस इंचाला १० पौंडांहून अधिक नाही. कण संथ गतीने जातात, म्हणून कमी उसळतात.

१०/ तरीही प्रश्न संपलेला नाही. आजच्या दोन घटकी मोटार-रंगांतील आयसोसायनेट दमा जडवू शकते, आणि उत्तम बंदुकीतूनही काही रंग हवेत राहतोच. म्हणून बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आवश्यक ठरतो. रुग्णाच्या घशाला आराम देण्यासाठी जन्मलेल्या फवाऱ्यापासून आता कारागिराची छाती जपावी लागते.