दलितांचे उच्चशिक्षण : मराठवाड्यातील शासकीय साहाय्य

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याच्या उभारणीसाठी हैदराबाद राज्यातील अनुसूचित जाती निधीतून संस्थेला कर्ज मिळाले. नांदेड व लातूर तेव्हा त्याच राज्यात होते.

अमेरिकेतील अनेक राज्ये कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांना थेट अनुदान देतात. महाराष्ट्रात मात्र अनुसूचित जातींसाठीचे शैक्षणिक साहाय्य मुख्यतः शिष्यवृत्ती व वसतिगृहांद्वारे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांना २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून निवास व भोजनासाठी रक्कम बँक खात्यात मिळते. ती लांबल्यास नांदेड-लातूरला शिकणाऱ्या खेड्यातील मुलांचे खोलीभाडे व खानावळीचे पैसे थकतात.