आरसी विमानातील इलेक्ट्रॉनिक बिघाड कसा शोधावा?

घरी बनवलेल्या रेडिओ कंट्रोल विमानात बहुतेक तक्रारी दोन प्रकारच्या असतात. एक, बॅटरी जोडूनही काहीच हलत नाही. दुसरी, जमिनीवर सगळे ठीक चालते, पण हवेत गेल्यावर ताबा सुटतो. अंदाजाने एकेक भाग बदलत बसण्यापेक्षा वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपासत गेल्यास दोष लवकर सापडतो.

आधी प्रोपेलर काढा

तपासणी करताना मोटर अचानक सुरू होऊ शकते आणि फिरते पाते बोट कापू शकते. त्यामुळे पुढची प्रत्येक चाचणी प्रोपेलर काढूनच करावी. ट्रान्समीटर आधी सुरू करावा आणि मगच विमानाची बॅटरी जोडावी.

विजेची वाट

बॅटरीची वीज प्रथम ईएससीकडे, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटकडे जाते. तिथून तीन तारा ब्रशलेस मोटरला जातात. बहुतेक ईएससींमध्ये बीईसी नावाचा भाग असतो. तो साधारण ५ व्होल्टचा पुरवठा रिसीव्हरला देतो आणि रिसीव्हरमधून तो सर्व्होंना मिळतो. यातला एक टप्पा तुटला, की पुढचे सगळे बंद पडते.

काहीच चालत नसेल तर

१. मल्टिमीटरने बॅटरी मोजा. लायपो बॅटरीचा पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे तीन सेलची बॅटरी १२.६ व्होल्ट. एखादा सेल इतरांपेक्षा बराच खाली असेल किंवा बॅटरी फुगली असेल, तर ती वापरू नका आणि चार्जही करू नका.

२. रिसीव्हरचा दिवा पाहा. तो लागतच नसेल तर वीज पोहोचत नाही. दिवा लागतो पण सर्व्हो हलत नाहीत, असे असेल तर ट्रान्समीटरशी पुन्हा बाइंडिंग करा.

३. सर्व्होचे प्लग पाहा. काळी किंवा तपकिरी तार ऋण, मधली लाल धन आणि उरलेली सिग्नलची असते. प्लग उलटा बसल्यास सर्व्हो चालत नाही.

सर्व्हो हलतात, मोटर फिरत नाही

थ्रॉटल शून्यावर दिसल्याशिवाय ईएससी मोटर सुरू करत नाही. ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलचा चॅनल उलटा असला, तर तुमचे शून्य ईएससीला पूर्ण वेग वाटते. आधी चॅनलची दिशा तपासा, मग माहितीपत्रकाप्रमाणे थ्रॉटल कॅलिब्रेशन करा. मोटर जागच्या जागी थरथरत असेल, तर तीनपैकी एका तारेचा टाका कच्चा असण्याची शक्यता असते. मोटर उलटी फिरत असेल, तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा.

हवेत ताबा सुटणे

हा सर्वांत धोकादायक बिघाड आहे, कारण टेबलावर तो सहज दिसत नाही. सगळे सर्व्हो एकदम हलले किंवा एखादा अडकला, की करंट वाढतो. बीईसीला तो भार पेलला नाही, तर व्होल्टेज कोसळते आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. लिनियर बीईसीत ही अडचण जास्त येते. ११.१ व्होल्टवरून ५ व्होल्टवर येताना १ अँपिअर करंटमागे त्यात सुमारे ६ वॅट उष्णता तयार होते.

चाचणीसाठी रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर मल्टिमीटर लावा आणि दोन्ही स्टिक जोरात फिरवा. व्होल्टेज स्पष्टपणे घसरत असेल तर वेगळा बीईसी जोडा. तसे करताना ईएससीकडून रिसीव्हरला येणारी लाल तार प्लगमधून काढून तिच्यावर इन्सुलेशन टेप लावा. कंट्रोल सळई काढल्यावर सर्व्होची घरघर थांबली, तर दोष सळईच्या अडकण्यात आहे.

अँटेना बॅटरी आणि कार्बन फायबरपासून दूर ठेवा. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात लावा.

उडवण्यापूर्वी

ट्रान्समीटरच्या रेंज चेक मोडमध्ये, माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावरून सगळे सर्व्हो हलतात का ते पाहा. नंतर ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ तपासा. मोटर लगेच थांबली पाहिजे. ती थांबली नाही, तर सिग्नल तुटल्यावर विमान पूर्ण वेगाने माणसांच्या दिशेनेही जाऊ शकते. ही चाचणी यशस्वी झाल्यावरच प्रोपेलर परत बसवा.