उजवा हात कोणाचा?

बेसबॉल पाहताना माझं लक्ष चेंडूपेक्षा अंपायरकडेच जास्त जातं. कॅचरच्या मागे तो वाकून उभा असतो. बॅटरने सोडून दिलेला चेंडू होम प्लेटवरून, गुडघा ते छाती या पट्ट्यातून गेला की तो स्ट्राइक. असे तीन झाले की बॅटर बाद. चांगला अंपायर घाई करत नाही. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात विसावू देतो, क्षणभर थांबतो आणि मग उजवा हात वर करतो. स्ट्राइक नसेल तर हात हलत नाही.

ही खूण आली कुठून? एकोणिसाव्या शतकात अंपायर निर्णय फक्त ओरडून सांगत. विल्यम हॉय या तरुणाला त्याचा उपयोग नव्हता. लहानपणीच आजाराने त्याचं ऐकणं गेलेलं. 1886-87 मध्ये तो विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या संघात होता. निर्णय विचारायला तो मागे वळला की पिचर तेवढ्यात पुढचा चेंडू टाकून मोकळा! मग त्याने तोड काढली. तिसऱ्या बेसजवळचा मार्गदर्शक त्याला खुणा करू लागला: स्ट्राइकला उजवा हात, बॉलला डावा. 1888 मध्ये हॉय मोठ्या लीगमध्ये पोचला आणि पुढे त्याने दोन हजारांवर हिट्स मारल्या. लोक मात्र त्याला 'डमी' म्हणत. मूकबधिरांना त्या काळी सर्रास हेच नाव चिकटवत.

अंपायरांनी ही खूण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उचलली. साय रिगलर या अंपायरने 1905 मध्ये इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला उजवा हात वर केला, असं सांगतात. मानाचं पान मिळालं ते बिल क्लेमला. 1953 मध्ये कूपर्सटाउनच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड झाली, आणि तिथल्या त्याच्या फलकावर या खुणांचं श्रेय कोरलेलं आहे. हॉयला त्या दालनात अजून जागा नाही.

अंपायरांनी हॉयचं पाहूनच हात उचलला, याला त्या काळातला लेखी पुरावा नाही, हेही सांगायला हवं. पण एका बहिऱ्या माणसाची गरज भागवणारी खूण गोंगाटात बसलेल्या हजारो ऐकणाऱ्यांनाही हवीच होती, एवढं नक्की.

2026 पासून मोठ्या लीगमध्ये खेळाडू स्वतःच्या डोक्यावर थाप मारून अंपायरच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो, आणि मग निवाडा यंत्र करतं. पहिला निर्णय मात्र अजून माणसाचाच, आणि हातही तोच.

ऑक्टोबर 1961 मध्ये, वर्ल्ड सिरीजच्या सिनसिनाटीतल्या सामन्यात, समारंभाचा पहिला चेंडू हॉयने टाकला. वय 99. टाळ्या त्याला ऐकू आल्या नसतील. पण नंतर सामना सुरू झाल्यावर अंपायर काय म्हणतोय, हे त्याला कोणाला विचारावं लागलं नसेल. त्याच डिसेंबरात तो गेला.