मास्तरांच्या वह्या

स्मरणिका समितीने माझ्याकडे ‘शाळेच्या परिसराचा इतिहास’ या विषयावर लेख मागितला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. दहावीला इतिहासात मला किती गुण मिळाले होते हे १९९६ च्या आपल्या बॅचला चांगलं ठाऊक आहे. पुढे इंजिनिअरिंग केलं आणि गेली तेवीस-चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण गेल्या वर्षी वसईच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या वह्या सापडल्या. इतिहास म्हणून माझ्यापाशी एवढंच आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांना आजोबांनी शिकवलं. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे ‘मास्तर’च म्हणत. जन्म १९२३ चा, मृत्यू २०१४ चा. एक्याण्णव वर्षांचं आयुष्य त्यांनी एकाच गावात, एकाच चर्चच्या घंटेच्या आवाजात काढलं.

वसईच्या ख्रिस्ती माणसाला बाहेर गेल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो: “तुम्ही मूळचे कुठले?” पुण्याच्या हॉस्टेलवर मलाही विचारला गेला. सुट्टीत आजोबांना सांगितलं, तर हसले आणि मला जवळ बसवून सगळं सांगितलं. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज निघून गेले. पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेला इथला शेतकरी कुठेच गेला नाही. त्याची जमीन इथे होती, विहीर इथे होती, बोली इथली होती. इथल्याच मातीत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाले, हे तर आपल्याला शाळेतच पाठ होतं. आजोबा एवढंच म्हणाले, “राज्यं बदलली, रहाट तोच राहिला. आपण रहाटाकडचे.”

आजोबा सातवीची फायनल होऊन प्राथमिक शिक्षक झाले. पगार तुटपुंजा, मुलं सात. घराला खरा आधार वाडीचा होता. केळी, पानवेल, भाजी, थोडी फुलं. आजी लाल लुगडं नेसून पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी मुंबईला नेत असे. बहिणीच्या लग्नात आजोबांच्या वडिलांना सावकाराकडे जावं लागलं नाही, याचं श्रेय आजोबा नेहमी एका संस्थेला देत. मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये वसईत कॅथॉलिक सहकारी पतपेढी काढली, तीच पुढे बँक झाली. धर्मगुरूने शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार करावा, ही गोष्ट आजोबांना प्रवचनापेक्षा मोठी वाटे. “भक्ती म्हणजे शेजाऱ्याचा हिशेबही बघणं,” असं ते म्हणत.

वह्यांमध्ये हेच दिसतं. एकाच पानावर मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख असते, शाळेत फी न भरलेल्या मुलांची नावं असतात आणि सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीतर्फे कोणत्या विधवेला किती तांदूळ दिले याची नोंद असते. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईला आले, तेव्हा आजोबा थोरल्या दोन मुलांना घेऊन गेले होते. त्या पानावर रेल्वेच्या तिकिटांचा खर्च आहे आणि खाली एक ओळ: ‘गर्दीत पोप दिसले. पोरं दमली.’ लहानपणी लॅटिनमधली मिस्सा तोंडपाठ केलेला हा माणूस, व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा सगळ्यांत जास्त खूश झाला. गावातल्या म्हाताऱ्यांना मराठी उत्तरं शिकवायला ते चर्चच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बसत, असं आजी सांगायची.

आणि प्रत्येक रविवारी विहिरीची नोंद आहे. मिस्साहून आल्यावर ते गाठी मारलेला दोर विहिरीत सोडत आणि कितव्या गाठीला पाणी लागलं ते लिहीत. माझ्यासारखीला याहून मोलाची पेटी कोणती? मी त्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर भरल्या आणि आलेख काढला. १९७० च्या दशकात रेघ जवळजवळ सपाट आहे. मे महिन्यात खाली जाते, जूनमध्ये वर येते. १९८० नंतर प्रत्येक मे आदल्या मेपेक्षा खाली जात राहतो.

का, ते आपण लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. नालासोपारा, वसई रोड, विरार या स्टेशनांच्या आसपास इमारती उभ्या राहत होत्या, त्यांना पाणी नव्हतं. मग वाड्यांमधल्या विहिरींवर मोटारी बसल्या आणि दारात टँकर उभे राहू लागले. समुद्र जवळ, त्यामुळे जमिनीतलं गोडं पाणी उपसलं की खारं पाणी आत सरकतं. एकेक विहीर मचूळ होत गेली, पानवेली जळाल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. १९९० मध्ये सरकारने या पट्ट्याच्या नियोजनाचं काम सिडकोकडे दिलं, तेव्हा तर चिंता आणखी वाढली. त्या मोर्चांत आपल्यापैकी बरेच जण आई-वडिलांचं बोट धरून चालले आहेत. मीही होते.

पण एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. आमच्या विहिरीवरही मोटर होती.

थोरल्या काकांनी ती बसवली होती. आजोबा निवृत्त झाले होते, ग्रामपंचायतीवर निवडून आले होते आणि सभांमध्ये टँकरविरुद्ध बोलत होते. एका सभेत मागून कोणीतरी म्हणालं, “मास्तर, आधी घरच्या विहिरीचं बघा.” आजोबा तसेच उठून घरी आले. त्या रात्री जपमाळ झाल्यावर त्यांनी विहिरीची वही काकांपुढे ठेवली. काकांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, “तुमच्या पेन्शनवर हे घर चालतं का?” चालत नव्हतं. माझ्या दप्तराचे, आत्याच्या लग्नाचे पैसे त्याच पाण्यातून आले होते. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. दाराआडून ऐकलेलं ते भांडण मला अजून आठवतं, कारण आजोबांचा आवाज चढलेला मी तेवढाच एकदा ऐकला.

मोटर बंद झाली. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: ‘मोटर काढली. थोरला दुखावला.’ काका वेगळे झाले आणि पुढची जवळजवळ चार वर्षं आजोबांशी बोलले नाहीत. रविवारी एकाच चर्चमध्ये, दोन बाजूंच्या बाकांवर बसत. आजी गेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला दोघे एकत्र आले, आणि मग हळूहळू बोलणं सुरू झालं. आंदोलनाच्या इतिहासात मोर्चांची नोंद होते. घरात बसलेली अशी चार वर्षं कोणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहिली.

१९९८ मध्ये मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा फीसाठी कर्ज काढावं लागलं. आजोबा पंचाहत्तरीचे, त्यांना जामीन कोण ठेवणार? जामीनदार म्हणून सही केली ती थोरल्या काकांनी. टँकरचे पैसे चालू राहिले असते तर कर्ज लागलंच नसतं, हे ते मला ऐकवायला विसरले नाहीत. पण सही केली.

२००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. त्यात आमचं गावही गेलं आणि ग्रामपंचायत संपली. त्या वेळी गावं वगळा म्हणून झालेल्या सभेला शहाऐंशी वर्षांचे आजोबा काठी टेकत गेले होते. शेवटच्या वर्षी दोर धरवेना, तेव्हा गाठ मोजायला ते काकांना सांगत. वहीच्या शेवटच्या पानांवरचं अक्षर काकांचं आहे.

आता माझं सांगते. पुण्यात आमच्या गृहसंकुलात दर उन्हाळ्यात टँकर येतात. सोसायटीच्या समितीवर असल्याने त्यांच्या बिलांवर माझी सही असते. ते पाणी कुठल्या विहिरीतून येतं, हे मी एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आजोबांच्या वह्या वाचल्यानंतर यंदा विचारलं. उत्तर मिळालं त्या गावी जाऊनही आले. तिथेही केळी होती, आणि कडेला एक बंद पडलेली विहीर.

आमच्या छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये जिरवायचा ठराव मी मांडला आहे. अजून मंजूर व्हायचा आहे.

मित्रमैत्रिणींनो, शाळेच्या मागे मैदानाच्या टोकाला एक बावखल होतं, आठवतं? पावसाळ्यात त्यात चेंडू पडला की काढायला कोणी तयार नसे. वसईच्या पूर्वजांनी अशी बावखलं जागोजागी खोदली. पावसाचं गोडं पाणी त्यांत साठतं, जमिनीत मुरतं आणि खारं पाणी दूर ठेवतं. शाळेमागचं आता राडारोड्याने अर्धं बुजलं आहे. मेळाव्यासाठी जमलेल्या वर्गणीतून काही रक्कम उरेल, असं समिती म्हणते. भिंतीवर आपल्या नावांची पाटी बसवण्याआधी ते बावखल उपसून घेऊया, अशी माझी विनंती आहे. शाळेची आणि फादरांची परवानगी मी विचारते. फावडी मात्र ज्याची त्याने आणावी.

आणि काठावर एक दोर ठेवूया, गाठी मारलेला.