परिमळ, ऊद आणि धुपाटणे

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या तासाला ‘क्रिस्तपुराणा’तील भाषास्तुतीचा उतारा आला, की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरू, तशी भाषांत मराठी, असे ज्या ग्रंथात म्हटले आहे तो ग्रंथ ख्रिस्ती कसा? फादर स्टीफन्सने येथील भाषा आत्मसात केली होती, असे सांगून आम्ही बरीच वर्षे वेळ मारून नेली. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. त्यात असे गृहीत धरलेले होते की सुगंध ही आपली मिरासदारी आणि स्टीफन्सने तो आपल्याकडून उसना घेतला.

आमच्यापैकी एकाचे बिऱ्हाड मारुंजीस आहे. हिंजवडीच्या उंच इमारतींनी हे गाव पुरते वेढले असले, तरी जुन्या घरांपुढे तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लागतो आणि उदबत्तीचा वास रस्त्यापर्यंत येतो. तुकोबांचे देहू येथून फार दूर नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्याला धूप म्हटले की देव्हाराच आठवावा, यात नवल नाही. परंतु इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे.

यहुदी परंपरेत धुपाला फार जुने आणि अत्यंत काटेकोर स्थान होते. ‘निर्गम’ या ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात धूपाची कृतीच दिली आहे. तीन सुगंधी द्रव्ये आणि शुद्ध ऊद, सारी समभाग, वर मीठ. सकाळी व सायंकाळी तो जाळायचा. हेच मिश्रण कोणी स्वतःच्या सुखासाठी केले, तर त्याला समाजातून तोडून टाकण्याची शिक्षा होती. म्हणजे हा गंध केवळ ईश्वराचा होता. याच परंपरेतील यशया या संदेष्ट्याने मात्र लोकांना ठणकावले, की अन्यायाने हात बरबटलेले असताना जाळलेल्या धुपाचा देवाला वीट येतो. बाह्य उपचारांवर कोरडे ओढणारे आपले संत ज्याने वाचले आहेत, त्याला हा सूर परका वाटू नये.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते 141 वे स्तोत्र. त्यातला भक्त देवाला विनवतो, की माझी प्रार्थनाच तुझ्यापुढे धूप म्हणून रुजू होवो आणि माझे उंचावलेले हात हेच सायंकाळचे अर्पण ठरो. ज्याच्या हाताशी वेदी आहे, त्याला असे मागणे मागावे लागत नाही. ज्याच्यापाशी धूप नाही, तो शब्दाला धूप करतो. रूपकाचा उगम पुष्कळदा वस्तूच्या विरहात असतो, असे आम्हांस वाटते. पुढचा इतिहास या तर्काला पुष्टीच देतो.

इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील धूपवेदी थंडावली. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाला तर धूप जाळणे हेच संकट होते. रोमन साम्राज्यात देवतांपुढे चिमूटभर धूप टाकणे ही राजनिष्ठेची कसोटी ठरली होती. इ.स. 250 मध्ये डेसिअस बादशहाने सर्वांना अर्पणाची सक्ती केली, तेव्हा जिवाच्या भीतीने ज्यांनी धूप टाकला त्यांना ‘धूप जाळणारे’ असे हिणवणारे नावच पडले. मात्र याच शतकांत वाचल्या जाणाऱ्या ‘प्रकटीकरणा’त स्वर्गातील सोन्याच्या वाट्या धुपाने भरलेल्या आहेत आणि तो धूप म्हणजे भक्तांच्या प्रार्थना आहेत. पौलाने श्रद्धावंतांनाच ख्रिस्ताचा सुगंध म्हटले. हातांना जे वर्ज्य होते, ते वाणीने जपले. चौथ्या शतकात साम्राज्याचा विरोध मावळल्यानंतरच चर्चमध्ये खराखुरा धूप हळूहळू स्थिरावला.

या कथेत भारताचा धागा सुरुवातीपासून आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मरिया येशूच्या पायांना मोलाचे तेल लावते आणि घर सुगंधाने भरून जाते. मराठी बायबलमध्ये त्या तेलाला जटामांसीचे तेल म्हटले आहे आणि ते अचूक आहे. जटामांसी हिमालयाच्या उंच उतारांवर उगवते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ती भडोच बंदरातून पश्चिमेकडे जात असल्याची नोंद आहे. त्या तेलाची किंमत तीनशे दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई, सांगितली आहे. मागी लोकांनी बाळ येशूला सोन्यासोबत वाहिलेला ऊद अरबस्तानाकडच्या ज्या झाडाचा, त्याच कुळातली सालई सातपुड्यात वाढते. तेव्हा हा सुगंध कोणा एकाच्या मालकीचा कधीच नव्हता. स्टीफन्सच्या हातात परिमळाची परंपरा दोन्हीकडून आली होती.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला. त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. 1649 आणि 1654 मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. नवख्रिस्ती मराठी-कोकणी माणसाचा देव्हारा गेला होता, जुनी पुराणे गेली होती, पण ओवी आणि तिच्यातली मोगरी त्याला परत मिळाली. वस्तूच्या विरहात शब्द धावून येतो, त्याचे आपल्या भाषेतले हे पहिले मोठे उदाहरण.

पण शब्दालाही अभय नव्हते. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती घरांच्या अंगणातल्या तुळशीवरही बंदी घातली. चर्चमध्ये साखळ्यांना टांगलेल्या पात्रातून धूप दरवळत होता, दाराशी मात्र तुळस चालत नव्हती. एका सुगंधाला पवित्र आणि दुसऱ्याला पाखंडी ठरवणारी ही सत्ता होती. तिच्या काळात ‘क्रिस्तपुराणा’च्या छापील आवृत्त्या अशा नाहीशा झाल्या, की आज त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांच्या आधाराने. 1907 मध्ये मंगळूरला सलढाणा यांनी तो पुन्हा छापला आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरीत आणला.

देशावरची कहाणी निराळी आहे. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. त्यांच्या प्रॉटेस्टंट उपासनेत धूप नव्हता, मूर्ती नव्हती, नैवेद्य नव्हता. धूप पुन्हा एकदा केवळ शब्दात उरला. अशा उपासनेत 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नारायण वामन टिळक आले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे पोचलो, असे ते सांगत. मराठी वाचक त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतो, हा योगायोग नाही. ज्या चर्चमध्ये फूल वाहायचे नव्हते, त्या चर्चला त्यांनी भजन-अभंगाची ओंजळ दिली आणि आपल्या संग्रहाला नाव दिले ‘अभंगांजली’. अंजली फुलांची असते, येथे ती अभंगांची झाली. 141 व्या स्तोत्रातल्या त्या भक्ताने याहून वेगळे काय केले होते?

विसाव्या शतकात चक्र उलट फिरले. 1927 मध्ये जॅक विन्स्लो यांच्या पुढाकाराने पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम सुरू झाला आणि भारतीय रीतीने ख्रिस्तोपासना करण्याचे प्रयोग तेथे झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, एप्रिल 1969 मध्ये, भारतातील कॅथलिक उपासनेसाठी बारा अनुकूलनांना रोमने संमती दिली. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, फुले-धूप-दीपांची आरती, आणि साखळ्यांच्या पात्राऐवजी मुठीचे साधे धूपपात्र. हे मुठीचे पात्र म्हणजे आपले धुपाटणे! ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती आले धुपाटणे’ ही म्हण आपण फजितीसाठी वापरतो. येथे मात्र ज्यांची तुळस, भाषा आणि ग्रंथ एकेक करून हिरावले गेले, त्यांच्या हाती शेवटी धुपाटणे परत आले.

सर्वांना ते रुचले असे नाही. अनेक श्रद्धावंतांनी हे चर्चचे हिंदूकरण असल्याचा आक्षेप घेतला, तर चर्चबाहेरच्या काहींना त्यात धर्मांतराची नवी क्लृप्ती दिसली. दोन्ही आक्षेपांमागे गृहीत एकच आहे, की गंधाला धर्माचा शिक्का असतो. आम्हीही वर्गात नकळत हेच गृहीत धरून बोलत होतो, हे कबूल केले पाहिजे.

असो. यापुढे तो प्रश्न आला, की आम्ही विद्यार्थ्यांना आधी जटामांसीचा प्रवास सांगणार आहोत आणि मग 1736 च्या फर्मानातली तुळस. स्टीफन्सची मोगरी त्याने कोणाकडून घेतली, हे विचारण्याजोगे आहेच. पण ज्या घरांपुढची तुळस उपटली गेली, त्या घरांत त्या ओव्या वाचताना ऐकणाऱ्याला कसला वास आला असेल, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.