शिफ्ट लॉक (मोटार)

शिफ्ट लॉक किंवा शिफ्ट इंटरलॉक ही स्वयंचलित गिअर असलेल्या मोटारीतील एक सुरक्षा यंत्रणा आहे. ब्रेकचे पेडल दाबल्याखेरीज गिअरचा दांडा ‘पार्क’ स्थितीतून हलू नये, यासाठी ती बसवलेली असते. या यंत्रणेत बिघाड झाल्यास दांडा पार्कमध्येच अडकून राहतो.

इतिहास

१९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० ही मोटार आपोआप वेग घेते, अशा तक्रारी झाल्या. त्यानंतर १९८७ मध्ये कंपनीने गाड्या परत बोलावून त्यांत शिफ्ट लॉक बसवण्यास प्रारंभ केला. चालकाने ब्रेकऐवजी चुकून अ‍ॅक्सिलरेटर दाबणे हेच अशा बहुतेक घटनांचे कारण असल्याचा निष्कर्ष तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९८९ मध्ये काढला. लहान मुलाच्या हातून दांडा सरकून गाडी घरंगळण्याचा धोकाही या यंत्रणेमुळे टळतो. १ सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेत नव्या हलक्या मोटारींना ती बंधनकारक आहे.

रचना

इग्निशन चालू असताना पेडल दाबले की ब्रेकदिव्याच्या स्विचमार्फत संकेत मिळतो, दांड्याजवळील सोलेनॉइड कार्यान्वित होते आणि दांडा मोकळा होतो. गिअरपेटीतील पार्किंगची खिटी हा मात्र स्वतंत्र भाग असून ती दातेरी चक्रात अडकून चाके रोखते.

बिघाडाचे निदान

दांडा अडकल्यास प्रथम ब्रेकदिवे तपासले जातात. ते लागत नसल्यास फ्यूज जळाला असण्याची किंवा स्विच निकामी झाला असण्याची शक्यता अधिक असते. दिवे लागत असून पेडल दाबल्यावर दांड्याजवळ ‘टक’ असा आवाज होत नसेल, तर सोलेनॉइड किंवा त्याच्या तारांकडे संशय जातो. उतरलेली बॅटरी आणि दांड्याच्या फटीत सांडलेले पेय हीदेखील कारणे असू शकतात.

उतारावर गाडीचा सर्व भार खिटीवर येऊन दांडा जड होतो. हा वेगळा प्रकार असून त्यात शिफ्ट लॉक बिघडलेले नसते. तो टाळण्यासाठी ब्रेक दाबून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतात, हँडब्रेक ओढतात, पेडल सोडून भार हँडब्रेकवर येऊ देतात आणि पुन्हा ब्रेक दाबून दांडा पार्कमध्ये नेतात.

तात्पुरता उपाय

अनेक मोटारींत दांड्याशेजारी लहान झाकणाखाली खाच असते. हँडब्रेक घट्ट ओढून, इग्निशन चालू ठेवून व ब्रेक दाबून त्या खाचेत किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर दाबल्यास दांडा सुटतो. खाचेची जागा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. बटणावर किंवा चकतीवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये अशी खाच सहसा नसते. दांडा जोराने ओढल्यास त्याची जोडणी तुटू शकते.

ब्रेकदिवे बंद असताना गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे असते, कारण गाडी थांबत असल्याचे मागील चालकास कळत नाही. म्हणून दांडा सुटला तरी मूळ दोषाची दुरुस्ती आवश्यक ठरते.

भारतातील एएमटी प्रकारच्या बहुतेक मोटारींत ‘पार्क’ ही स्थितीच नसल्याने हा दोष त्यांत उद्भवत नाही.